गुरं नाहीत, शेत नाही, तरी अकुब्रा घालू का?

प्रश्न थोडक्यात परत सांगते, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. विचारणारे ब्रिस्बेनला सॉफ्टवेअरमधे आहेत, मूळचे सांगलीकडचे. रोज ट्रेन स्टेशनपर्यंत वीस मिनिटं उन्हात चालायचं असतं म्हणून त्यांना एक चांगली अकुब्रा (इथले गुराखी घालतात ती रुंद कडेची हॅट) घ्यायचीय, आणि एप्रिलमधे टुवूम्बाच्या पुढे एका शेतावर ऑस्ट्रेलियन मित्राचं लग्न आहे, तिथे सुटावर तीच चालेल का असं विचारतायत. बायकोने विचारलं म्हणे, गॅदरिंगला निघालात का. आणि खरा प्रश्न शेवटी हळूच टाकलाय, की आपल्यासारख्या भारतीय माणसाने गुराख्यांची हॅट हौस म्हणून घातली तर इथले लोक हसतील का.

मी टुवूम्बातच एका दुकानात बारा वर्षं कामाला आहे, खोगीर, बूट, कामाचे शर्ट, हॅट असलं सगळं मिळतं आमच्याकडे. पहिली तीन वर्षं नुसती काउंटरला होते, मग मागच्या खोलीत वाफ देऊन हॅटला आकार देणं, आतला चामड्याचा पट्टा बदलणं, डाग काढणं हे शिकले. म्हणजे मी हे पुस्तकातून नाही, लोकांची डोकी मोजून मोजून सांगतेय.

आधी हसण्याचंच घेऊ, बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

इथल्या शेतकऱ्याकडे हॅट एक नसते, दोन असतात. एक 'गुड हॅट' आणि एक 'वर्क हॅट'. गुड हॅट कपाटावर खोक्यात असते, ती शोला म्हणजे शेतीच्या जत्रेला जाताना, गुरांच्या लिलावाला, कुणाच्या मयतीला, बँकेत कर्जाचं बोलायला जाताना निघते. पाचसात वर्षांनी तिच्यावर घामाची रेघ उमटली, कड थोडी लवली की तिची बदली कामावर होते आणि गडी नवीन गुड हॅट घ्यायला आमच्याकडे येतो, बऱ्याचदा तेच मॉडेल, तोच रंग, तोच साईज, ट्राय पण करत नाही. आपल्याकडे आजोबांचं कोरं धोतर आधी लग्नाकार्याला, मग बाजाराला, मग शेतात आणि शेवटी फडकं म्हणून जायचं, अगदी तसंच. त्यामुळे कामाची हॅट चांगल्या कपड्यांवर चालते का हा प्रश्न इथल्यांना पडतच नाही, हॅट तीच असते फक्त तिची अवस्था वेगळी. तुम्ही काही नवीन फॅशन काढत नाहीये, तुम्ही फक्त गुड हॅट घेताय आणि तुमच्याकडे वर्क हॅट नाही एवढाच फरक.

हसतात ते कशाला, तर सोंगाला. इथे एक म्हण आहे, हॅटची कड जेवढी रुंद तेवढी जमीन लहान. उथळ पाण्याला खळखळाट फार, त्याच जातीची म्हण. आणि ती ते आपल्याला नाही, सिडनीहून नवी कोरी दहा सेंटिमीटर कडेची हॅट घालून येणाऱ्या त्यांच्याच लोकांना मारतात. मगरीचे दात लावलेला पट्टा (१९८६ च्या 'क्रोकोडाइल डंडी' सिनेमापासून टुरिस्ट तोच मागतात), इमूची पिसं, बुचं लटकवलेली हॅट, हे सोंग. साधी स्वच्छ हॅट, बरोबर साईजची, सरळ डोक्यावर, याला कोण हसत नाही. फार तर कुणीतरी म्हातारा विचारेल 'व्हेअर्ज युअर प्लेस, मेट', त्याला वाटतं तुमची कुठेतरी शेती आहे, तेव्हा सरळ सांगायचं की मी ब्रिस्बेनला कॉम्प्युटरवर काम करतो, ऊन लागतं म्हणून घालतो. विषय तिथेच संपतो आणि पावसापाण्याच्या गप्पा सुरू होतात.

रंगाचं म्हणाल तर ही हॅट फक्त गोऱ्यांची कधीच नव्हती. उत्तरेकडची मोठमोठी कॅटल स्टेशनं म्हणजे गुरं पाळायची अवाढव्य शेतं कित्येक दशकं अॅबोरिजिनल स्टॉकमनच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी गुराख्यांच्या जिवावर चालली, घोड्यावर तेच, गुरांमागे तेच, आणि पगार मात्र नावाला. १९६६ मधे वेव्ह हिल स्टेशनवर गुरिंजी लोक व्हिन्सेंट लिंगिआरींच्या मागे काम सोडून उठले ते याच्यावरूनच सुरू झालं आणि पुढे जमिनीच्या हक्काचा लढा झाला, १९७५ मधे पंतप्रधान गफ व्हिटलम यांनी लिंगिआरींच्या हातात माती ओतली तो फोटो तुम्ही इथे कुठेतरी बघितला असेल. तर काळ्यासावळ्या माणसाच्या डोक्यावर ही हॅट शोभते का वगैरे मनातून काढून टाका.

आणि एक गंमत. इथल्या सैनिकांची ती डाव्या बाजूने वर वळवलेली स्लाउच हॅट असते ना, तिच्याभोवती जो चुण्या घातलेला कापडी पट्टा असतो त्याला 'पगरी' म्हणतात. आपली पगडी! ब्रिटिश सैन्यातले लोक हिंदुस्थानातल्या उन्हात हॅटभोवती कापड गुंडाळायचे, तिथून तो शब्द इथवर आला. आताच्या पट्ट्यात सात चुण्या असतात, सहा राज्यांच्या सहा आणि एक टेरिटरींची म्हणजे केंद्रशासित प्रदेशांची. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुकानात एकटीच हसत होते. पण तेवढ्यावरून स्वतःच्या हॅटची डावी बाजू वळवून पिन लावू नका हां, ती सैन्याची खूण आहे. वळवायचं कारण रायफल खांद्याला घेताना कड मधे येऊ नये हे होतं, तुमच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग आहे.

आता कुठली घ्यायची.

ब्रिम म्हणजे भोवतालची कड आणि क्राउन म्हणजे डोक्यावरचा उंच भाग, सगळा खेळ या दोघांच्या मापाचा. लोक रंग बघून हॅट उचलतात आणि तिथेच फसतात. उन्हासाठी म्हणाल तर इथली कॅन्सर कौन्सिल मोठ्या माणसाला निदान साडेसात सेंटिमीटरची कड सांगते. इथे उन्हाची थट्टा नाही, १९८१ पासून स्लिप स्लॉप स्लॅप चाललंय, अंगात शर्ट, वर सनस्क्रीन, डोक्यावर हॅट, आणि शाळेत पोराकडे हॅट नसेल तर त्याला मधल्या सुट्टीत मैदानावर सोडत नाहीत. आपल्या कातडीला धोका कमी आहे पण नाहीच असं नाही, आणि डोळ्यांना तर सगळ्यांच्याच सारखा.

तर कॅटलमन नावाचं मॉडेल आहे त्याची कड आठ सेंटिमीटरच्या थोडी वर, पुढे मागे किंचित उतरलेली, क्राउनला पुढे दोन बाजूंनी चिमटा. बँजो पॅटर्सन साधारण सातची. स्टाइलमास्टर सहाच्या आसपास, ती खरं म्हणजे शहरी सुटावरचीच हॅट आहे, आत सॅटिनचं अस्तर वगैरे. टेरिटरी दहाची, ती उघड्या माळरानावर दिवसभर असणाऱ्याची, ट्रेनमधे तुम्ही वळलात की शेजारच्याच्या डोळ्यात जाईल.

एकच घेणार असाल तर कॅटलमन घ्या. स्टाइलमास्टर सुटावर जास्त नीट दिसेल हे खरं पण ती ऊन अडवत नाही, कानाची टोकं आणि मान तशीच भाजते, आणि तुमचं रोजचं काम ऊन अडवणं आहे. बँजो पॅटर्सन मधली वाट आहे, चण लहान असेल, खांदे अरुंद असतील तर तीच बघा. साधा हिशोब असा की आरशात पूर्ण उंचीने स्वतःला बघायचं, काउंटरवरच्या छोट्या आरशात नाही, आणि कड खांद्यांच्या बाहेर डोकावत असेल तर ती हॅट तुमची नाही. गोल चेहऱ्याला क्राउन थोडा उंच आणि चिमटा असलेला बरा, बसकी गोल क्राउन घातली की चेहरा ताटलीसारखा दिसतो. माझा स्वतःचा चेहरा गोल आहे, तेव्हा अनुभवाचे बोल.

रंग. शेतकरी फिकट वाळूसारखे रंग घेतात कारण धूळ दिसत नाही. काळी हॅट सगळ्यांना दुकानात आवडते आणि महिन्याभरात तिच्यावर धूळ, कोंडा, घामाचं मीठ सगळं दिसायला लागतं, रोज ब्रश करायची तयारी असेल तरच काळी. नेव्ही सूट असेल तर फॉन म्हणजे तो मातकट बदामी रंग किंवा ग्रॅफाइट करडा, दोन्ही जातात. बूट ब्राउन असतील तर फॉन. काळा सूट आणि फिकट हॅट मात्र नको, वर आणि खाली दोन वेगळी माणसं वाटतात.

कशाची बनते हे थोडं सांगते कारण जपणूक त्याशिवाय कळणार नाही. ही लोकर नाही, सशाचा फर आहे. १८५९ मधे थॉमस ऑस्टिन नावाच्या माणसाने शिकारीसाठी म्हणून व्हिक्टोरियात ससे आणून सोडले, आणि पुढे ते इतके माजले की वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने त्यांना अडवायला हजाराहून जास्त मैलांचं कुंपण घातलं, १९०७ मधे पुरं झालं ते, आणि ससे तरी पलीकडे गेलेच. अशा देशात १८७४ मधे बेंजामिन डंकर्ली नावाचा इंग्लिश हॅटवाला टास्मानियात आला, त्याने सशाच्या केसाचं टोक काढून टाकायचं मशीन बनवलं म्हणजे खालचा मऊ फर हॅटला वापरता येईल. त्याच्याच कंपनीच्या हॅटला अकुब्रा हे नाव १९१२ पासून. कारखाना १९७४ मधे सिडनीहून केम्प्सीला गेला, अजून तिथेच आहे, किअर घराण्याकडे पिढ्यानपिढ्या होता आणि २०२३ मधे अँड्र्यू आणि निकोला फॉरेस्ट यांच्या कंपनीने घेतला, आर एम विल्यम्सचे बूट पण त्यांचेच. एका हॅटला दहाबारा सशांचा फर लागतो. पुढे १९५० मधे सशांवर रोग सोडला, ससे कमी झाले आणि आता बराचसा फर बाहेरून आणावा लागतो, म्हणजे ज्या देशाला ससे नको झाले त्या देशाच्या हॅटला ससे बाहेरचे.

तर त्या केसाला बारीक खवले असतात, ओलावा, उष्णता आणि दाब मिळाला की केस एकमेकांत अडकत जातात आणि घट्ट होतात, यालाच फेल्ट म्हणतात, विणकाम नाही, शिवण नाही. आपल्याकडे खोगिराखाली घालायचा नमदा असतो त्याचाच हा श्रीमंत चुलतभाऊ. सुरुवातीला हवेसारखा हलका मोठा शंकू असतो तो आटवत आटवत हॅटएवढा करतात. आता लक्षात घ्या, ती आटायची सवय हॅट झाल्यावर सुटत नाही. ओली हॅट हीटरजवळ ठेवली, हेअर ड्रायर मारला, जानेवारीत म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर सोडली की ती परत आटते, आणि आतला चामड्याचा पट्टा तर तिच्याही आधी आकसतो. माझी पहिली हॅट मी अशीच घालवली, वूलवर्थ्सच्या पार्किंगमधे अर्धा दिवस, संध्याकाळी घालायला गेले तर डोक्यावर वाटी ठेवल्यासारखी वर बसली. दुकानात काम करणारी बाई! बॉस दोन दिवस काही बोलला नाही, नुसता बघायचा.

स्वस्तात 'ऑस्ट्रेलियन स्टाइल' म्हणून लोकरीच्या फेल्टच्या हॅट मिळतात, दिसायला तशाच. पहिल्या मोठ्या पावसात कड पापडासारखी लवते आणि परत सरळ होत नाही. दोनशे डॉलरच्या वर मोजायचे तर आतल्या पट्ट्यावरचा छाप बघा, फर फेल्ट लिहिलंय का बघा, नाहीतर हॅटच्या दुकानात जाऊन टोपी घालून घ्याल.

साईज हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि लोक यालाच पाच मिनिटं देत नाहीत. टेप कपाळाच्या मधून, कानाच्या जरा वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवायची, सेंटिमीटरमधे जे येईल तो साईज, ५७, ५८, ५९. दोन आकड्यांच्या मधे असाल तर मोठी घ्या, आतल्या पट्ट्यामागे फोमची पट्टी सरकवली की बसते. लहान घेऊन 'सैल होईल' म्हणणारे सगळे दोन आठवड्यात डोकेदुखी घेऊन परत येतात. हॅट काढल्यावर कपाळावर लाल रेघ राहिली तर घट्ट, मान खाली घालून हलवल्यावर सरकली तर सैल. आणि नुसता आकडा पुरत नाही, डोक्याचा आकार पण असतो. कुणाचं डोकं लांबट, कुणाचं गोलसर. ५८ ची हॅट कपाळाला चिमटते आणि कानांशी फट राहते असं झालं तर साईज वाढवू नका, वाफ देऊन ताणून घ्या, चांगल्या दुकानात दहा मिनिटांचं काम आहे आणि मी तरी त्याचे पैसे घेत नाही. म्हणून सांगते, पहिली हॅट ऑनलाइन मागवू नका. दुसरी मागवा खुशाल.

घालायची कशी, तर आतल्या पट्ट्याला एक छोटीशी बो असते ती मागे, बाहेरच्या रिबिनीची बो डावीकडे. भुवईच्या वर दोन बोटं, आडवी सरळ. मागे ढकलून कपाळ उघडं टाकलं की रिकामटेकडा दिसतो माणूस, आणि ऊन पण लागतं, मग घातली कशाला. कडेच्या दोन्ही बाजू वर वळवून घावनासारखी घडी करू नका, ते अमेरिकन पद्धतीचं, इथल्या माणसाला लगेच कळतं. पुढून जरा खाली, बाजू जवळजवळ सपाट, बास.

तुमच्या रोजच्या प्रवासातले दोन शत्रू आहेत जे दुकानदार सांगत नाहीत. एक पाठीवरची सॅक, तिचं वरचं हँडल कडेला मागून सारखं ढोसतं आणि सहा महिन्यात मागची कड मोडते. दुसरा गाडीच्या आणि ट्रेनच्या सीटचा डोक्यामागचा भाग, टेकलात की हॅट नाकावर. सॅक एका खांद्यावर घ्या, ट्रेनमधे हॅट काढून मांडीवर ठेवा. आणि काढताना क्राउनचा तो चिमटा धरून काढायची नाही, सगळे तसंच करतात कारण तो पकडायलाच केलाय असं वाटतं, आणि बरोबर तिथेच फेल्टला चीर जाते. कड धरून काढायची. ऑफिसात पोचल्यावर उलटी ठेवायची, क्राउन खाली. सरळ ठेवली की वजन कडेवर येतं आणि कड सपाट होऊन बसते. पलंगावर मात्र ठेवू नका, आमचा बॉस तो मोठा अपशकुन मानतो, गुराखी लोकांत हे फार आहे.

आता लग्न. शेतावरचं लग्न, एप्रिलचं ऊन, नेव्ही सूट, पांढरा शर्ट, ब्राउन बूट आणि फॉन कॅटलमन, तुम्ही तिथे अजिबात वेगळे दिसणार नाही, उलट निम्मे पाहुणे असेच असतील. सूट फार चकचकीत शहरी नको. मोलस्किनची (जाड मऊ सुती कापडाची) पँट आणि ब्लेझर असेल तर अजून उत्तम. सिडनीमेलबर्नला ऑफिसच्या टाइट सुटावर आठ सेंटिमीटरची हॅट घातली की माणूस गुरांच्या लिलावाचा एजंट वाटतो, ते लोक खरंच असे हिंडतात, पण शेतावर ते चालून जातं. पत्रिकेत ब्लॅक टाय म्हणजे एकदम औपचारिक पोशाख लिहिलं असेल तर हॅट गाडीत ठेवा. म्हणजे गाडीत नको, वर सांगितलंच, घरी ठेवा.

आता जिथे आपली माणसं नेमकी चुकतात ते सांगते, आणि त्यात त्यांचा दोष नाही, आपले संस्कारच उलटे आहेत. माझे आजोबा दारात पाहुणा आला की आधी खुंटीवरची टोपी डोक्यावर घालायचे आणि मग बाहेर यायचे, बोडक्या डोक्याने कुणासमोर जाणं त्यांना अपमान वाटायचा. पूजेला टोपी, पंगतीत टोपी, मयताला टोपी. डोकं झाकणं म्हणजे मान देणं. इथे बरोबर उलटं, डोकं उघडं करणं म्हणजे मान देणं. घरात शिरताना काढायची, जेवायला बसताना काढायची, राष्ट्रगीताला काढायची, अंत्ययात्रा जाताना काढायची, २५ एप्रिलला अँझॅक डेच्या म्हणजे सैनिकांच्या स्मरणदिनाच्या पहाटे लास्ट पोस्टचं बिगुल वाजतं तेव्हा तर नक्कीच. आरएसएल क्लब म्हणजे माजी सैनिकांचे क्लब, तिथे बऱ्याच ठिकाणी दारातच पाटी असते की टोपी काढा, युद्धात गेलेल्यांना मान म्हणून, आत विसरून घातलीत तर काही क्लबात जुना रिवाज असा की सगळ्या बारला तुमच्या पैशाने पाजायचं. शिखांची पगडी वगैरे धर्माची असेल तर तिला कोण हात लावत नाही, पण अकुब्रा हा काही धर्म नाही.

लग्नात म्हणजे असं करायचं, उघड्यावर विधी असेल आणि ऊन असेल तर बरेच जण हॅट ठेवतात, तुम्ही नवरी आली की काढा, मग बाजूचे काय करतात ते बघून घाला. शामियान्यात आत काढायचीच. बाईंशी ओळख करून देताना कडेला नुसता हात लावला तरी पुरतो. फोटोच्या वेळी हॅट मागे ढकलू नका, काढून हातात धरा, नाहीतर भर दुपारी नाकापर्यंत काळी सावली आणि खाली नुसते दात.

जपणुकीतलं खास आपलं म्हणजे तेल. खोबरेल तेल लावून हॅट घातली की ते आधी चामड्याच्या पट्ट्यात मुरतं आणि मग रिबिनीच्या वर काळपट डाग बनून फेल्टमधून बाहेर येतं. दुकानात अशी हॅट आली की मी नाव न विचारता सांगते की गिऱ्हाईक आपल्याकडचं आहे. रात्री तेल लावा, सकाळी केस धुवा, मग हॅट. आणि डाग पडलाच तर त्याच्यावर औषध पण आपल्याच घरात आहे, मुलतानी माती. हॅटवाले पिढ्यानपिढ्या हीच माती वापरतायत, त्यांचं नाव वेगळं. कोरडी बारीक माती डागावर थापायची, रात्रभर ठेवायची, सकाळी ब्रशने झटकायची, ताज्या डागाला एकदोनदा करून बऱ्यापैकी निघतो. काळ्या हॅटवर करू नका, पांढरट राहते.

ब्रश मऊ केसांचा, घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरवत, फेल्टचा कल तसाच असतो. फिकट आणि गडद हॅट असतील तर ब्रश दोन. पावसात भिजली तर घाबरू नका, पावसासाठीच बनवलीय ती, पाणी झटका, आतला पट्टा बाहेर उलटा काढा, पट्ट्याच्या आधारावर सावलीत ठेवा, दुसऱ्या दिवशी वाळते. आकार बिघडला तर किटलीच्या वाफेवर थोडी धरून हाताने नीट करता येतो. मी घरी मोदकपात्राच्या वाफेवर करते, रुंद वाफ येते ना, कड एकसारखी मऊ होते. फक्त हात सांभाळा आणि चामड्याच्या पट्ट्याला वाफ लागू देऊ नका.

सांगलीला वडिलांसाठी न्यायची असेल (असं तुम्ही लिहिलं नाहीये पण सगळे शेवटी नेतातच) तर विमानात डोक्यावर घालून जा, बॅगेत घातली की चेपते. तिकडे तिला ऊन मारत नाही, पावसाळा मारतो, जुलैत बंद कपाटात बुरशी धरते, आणि कसर लागते कारण शेवटी तो केस आहे, तेव्हा कागदात गुंडाळून डांबरगोळी आणि मधून मधून हवा. मुंबईकोकणच्या दमट हवेला फेल्ट नकोच, घाम निथळतो, तिथे गवती हॅट न्या. चामड्याची कांगारूच्या कातड्याची हॅट दुमडून खिशात जाते, प्रवासाला सोयीची, पण सुटावर ती टुरिस्टच दिसते.

आणि बायकोला पण घेऊन या दुकानात. बायकांना वाटतं ही पुरुषांची वस्तू, पण इथल्या शेतावरच्या बायका रोज घालतात. केस लांब असतील तर उंच अंबाडा चालणार नाही, हॅट वर तरंगते, खाली मानेशी अंबाडा किंवा सरळ वेणी, आणि माप त्याच केसरचनेत घ्यायचं. माझ्या इथे कितीतरी जणी नवऱ्याला हसत आत आल्या आणि स्वतःची ५५ ची घेऊन गेल्या, नवरा अजून काळी की फॉन करत उभा.